रमाबाई ते गोपिकाबाई : मृणाल कुलकर्णी यांची पेशवाई

थ्रेड 🧵

थेऊर, १८ नोव्हेंबर १७७२. क्षयाने खंगलेले थोरले माधवराव पेशवे वयाच्या २७ व्या वर्षी चिंतामणीच्या सान्निध्यात निवर्तले. रमाबाई सती गेल्या.

माधवराव अस्सल कागदपत्रांतून स्पष्ट उभे राहतात. १६ व्या वर्षी, पानिपतानंतर, पेशवेपद. १७६३ मध्ये राक्षसभुवनी निजामाचा पराभव आणि त्यानंतर औरंगाबादेत झालेला तह, हे आपल्या मराठवाड्याने जवळून पाहिले. रमाबाई मात्र त्या कागदांत फारशा बोलत नाहीत. मराठी मनातील रमा प्रामुख्याने रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ (१९६२) या कादंबरीने घडवली.

त्या रमेला दूरदर्शनवर चेहरा मिळाला तो पुण्यातील शाळकरी वयाच्या मृणाल देव यांचा. गो. नी. दांडेकरांची ही नात, वीणा देव यांची कन्या. दिग्दर्शक होते गजानन जागीरदार. प्रभातच्या १९४४ च्या चित्रपटात रामशास्त्री साकारणारे तेच. (माधवरावांच्या काळाने या गृहस्थांना चार दशके सोडले नाही!)

पुढे ‘सोनपरी’ने त्या देशभर घरोघरी पोहोचल्या, ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेपासून ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’पर्यंत जिजाऊ साकारत राहिल्या. २०१३ मध्ये ‘प्रेम म्हणजे प्रेम म्हणजे प्रेम असतं’ने दिग्दर्शनात पदार्पण झाले.

दुसऱ्याच वर्षी आला ‘रमा माधव’. सुमारे २७ वर्षांनी त्या रमेकडे परतल्या, परंतु कॅमेऱ्यामागून. रमा पर्ण पेठे, माधवराव आलोक राजवाडे. ‘स्वामी’तील माधवराव, रवींद्र मंकणी, येथे नानासाहेब झाले, आणि स्वतः दिग्दर्शिका झाल्या गोपिकाबाई, म्हणजे रमेची सासू.

ही निवड केवळ गमतीची नाही. गोपिकाबाईंचा राज्यकारभारातील हस्तक्षेप माधवरावांना असह्य झाला, आणि अखेर त्या नाशिकजवळ गंगापुरी जाऊन राहिल्या. भाबड्या रमेपेक्षा ही व्यक्तिरेखा इतिहासदृष्ट्या कितीतरी गुंतागुंतीची आहे.

चित्रपटाच्या नावात रमा आधी येते, आणि कथेचा भरही तिच्यावरच. त्यामुळे राजकारण मागे सरते, ही त्याची मर्यादा मान्य करावी लागते. कठीण प्रश्न शेवटाचा : सती हे प्रेमाचे शिखर म्हणून दाखवायचे, की एका तरुण स्त्रीचा मृत्यू म्हणून? कादंबरीच्या हळव्या परंपरेत वाढलेल्या कथेला पहिल्या उत्तराचा मोह सुटणे अवघड असते, आणि ‘रमा माधव’ही त्या मोहातून पूर्णपणे मुक्त नाही.

थेऊरला रमाबाईंचे स्मारक आहे. चिंतामणीच्या दर्शनाला गेलात, तर नदीकाठापर्यंत अवश्य चालत जा.