चान्या : हवा, मांस आणि समाजस्थिती

मांस टिकविण्याच्या रीतीवर स्थानिक हवेचा ठसा असतो. इटलीतील पार्मा येथे डुकराची अखंड मांडी मिठात मुरवून, टेकड्यांच्या मंद वाऱ्यात वर्षाहून अधिक काळ वाळवितात. या दीर्घ अवधीत मांसातील विकरे प्रथिनांचे विघटन करतात. मिठास तग धरणारे सूक्ष्मजीवही स्वादात भर घालतात.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील धाराशीव जिल्ह्यात याहून निराळी रीत रूढ झाली. मोठ्या जनावराच्या मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापून त्या कडक उन्हात वाळवीत. त्यांस 'चान्या' म्हणत. पातळ पट्टीतील पाणी त्वरेने उडते व सूक्ष्मजीवांना वाढीस अवसर मिळत नाही. पार्म्याचा स्वाद मुरण्याचा, तर चान्यांचा आटण्याचा होय.

परंतु केवळ हवेने या रीतीचा उलगडा होत नाही. मेलेली जनावरे ओढण्याचे काम जातिव्यवस्थेने महारांवर लादले होते. मांस मिळे ते एकदम. पुन्हा केव्हा मिळेल याची शाश्वती नसे. १९२७ साली महाड येथे डॉ. आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले. पुढे २०१५ साली राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्याच वर्षी याच जिल्ह्यातील शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या ग्रंथाने या खाद्यसंस्कृतीची नोंद केली.

लादलेली प्रथा त्याज्यच होती. मात्र उन्हाचा अचूक उपयोग करणारे, अभावातून कमावलेले ज्ञान इतिहासाने विसरणे न्याय्य ठरणार नाही.