दुकानातले दोन जुने कॉम्प्युटर एकमेकांना कसे जोडायचे?

निपाणी : काउंटरवर एक कॉम्प्युटर, मागे गोडाऊनमध्ये दुसरा आणि दोघांमध्ये ये-जा करणारा पेन ड्राईव्ह. निपाणी-बेळगावच्या बाजारपेठेत हे दृश्य नवीन नाही. अडचण होते ती हिशेबाची. दोन्हीकडे वेगळी बिलं निघाली की साठा जुळत नाही, कधी एकच बिल क्रमांक दोनदा पडतो. जीएसटीच्या नियमानुसार एका आर्थिक वर्षात बिल क्रमांक दुबार चालत नाही. त्यातच सीमाभागात राज्यातल्या बिलाला सीजीएसटी-एसजीएसटी आणि कागल-कोल्हापूरला पाठवलेल्या मालाला आयजीएसटी. त्यामुळे वही एकच असलेली बरी. त्यासाठी नवे कॉम्प्युटर घ्यावेच लागतात असं नाही.

वायर कोणती?
कॅट-५ई किंवा कॅट-६ची लॅन केबल पुरते. एका केबलची लांबी १०० मीटरपेक्षा जास्त नको. विजेच्या वायरीच्या पाईपमधून ती नेऊ नये. दोन कॉम्प्युटर थेट जोडायचे आणि लॅन कार्ड फार जुनं असेल तर क्रॉसओव्हर केबल लागते. मध्ये पाच पोर्टचा छोटा स्विच बसवला तर साधी केबल चालते. पुढे प्रिंटर किंवा तिसरा कॉम्प्युटर जोडायलाही सोपं जातं.

पत्ता द्यायचा
नेटवर्क सेटिंगमध्ये एकाला १९२.१६८.५०.१ आणि दुसऱ्याला १९२.१६८.५०.२ हा आयपी पत्ता द्यावा. सबनेट मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०. गेटवे रिकामा ठेवायचा. हे आकडे इंग्रजीतच टाकावेत. दोन्हींची नावं वेगळी हवीत, वर्कग्रुप एकच ठेवावा.

मग एकावरून दुसऱ्याला 'पिंग' करून बघायचं. उत्तर आलं तर जोडणी झाली. नाही आलं तर आधी लॅन पोर्टचा दिवा लागतो का बघा. दिवा लागत असेल तर बऱ्याचदा फायरवॉल आडवी आलेली असते. विंडोज ७ मध्ये नेटवर्क 'वर्क' आणि विंडोज १० मध्ये 'प्रायव्हेट' निवडावं. फायरवॉल कायमची बंद करू नये.

काय शेअर करायचं?
अख्खा सी ड्राईव्ह नव्हे, फक्त हिशेबाचा फोल्डर. त्यालाही पासवर्ड हवाच. हा फोल्डर दोहोंपैकी जास्त धडधाकट कॉम्प्युटरवर ठेवावा आणि त्याला यूपीएस जोडावा. नोंद करताना लाईट गेली तर डेटा खराब होऊ शकतो. टॅली वापरणाऱ्यांनी लायसन्स तपासावं : 'सिल्व्हर' एका वेळी एकालाच चालतं, दोघांनी एकदम काम करायचं तर 'गोल्ड' लागतं.

एक्सपी असेल तर सावध
मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १०चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. एक्सपीला फाईल शेअरिंगची फक्त एसएमबी-१ ही जुनी पद्धत कळते. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर व्हायरस याच पद्धतीतल्या त्रुटीतून घुसला होता. म्हणून एक्सपीसाठी विंडोज १० वर एसएमबी-१ पुन्हा चालू करायला कोणी सुचवलं तर ऐकू नये. एक्सपीचं मशीन बदलणंच शहाणपणाचं. तोवर ते ठेवायचंच असेल तर या जोडणीत आणू नये, इंटरनेटही देऊ नये. जीएसटी पोर्टल आणि ई-वे बिलाचं काम आधार चालू असलेल्या वेगळ्या कॉम्प्युटरवर करावं.

बॅकअप विसरू नका
दोन्ही कॉम्प्युटरवर एकच वही उघडते म्हणजे तिच्या दोन प्रती आहेत असं नाही. ज्या डिस्कवर ती आहे ती गेली की वही गेली. वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जीएसटीचे हिशेब सांभाळावे लागतात. म्हणून रोज दुकान बंद करताना बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप घ्यावा आणि ती डिस्क काढून ठेवावी. जोडून ठेवलेली डिस्क व्हायरसच्या तडाख्यातून सुटत नाही.