सांखवाळ ते सिंहल : एका वाचनाची वाटचाल

जानेवारी उजाडला की पुस्तकवेडी माणसे संकल्प सोडतात. यंदा पन्नास पुस्तके, कुणाची उडी शंभरावर. शिगमा येईपर्यंत उत्साह टिकतो आणि चवथीला तर त्या संकल्पाची आठवणही नकोशी होते. संकल्प खोटा नसतो. तो पेलायची व्यवस्था नसते. ही व्यवस्था म्हणजे काय, हे पाहायला फार लांब जायला नको. आपल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी आहेत. पालीचे पंडित म्हणून आपण त्यांना ओळखतो. आज त्यांच्याकडे निव्वळ एक वाचक म्हणून पाहूया.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. पोर्तुगीज अमदानीतला गोवा. घरी नारळीची बागायत, ती सांभाळायची जबाबदारी, शाळा अधूनमधून. लग्न पंधराव्या वर्षाच्या आसपास झाले. अशा या तरुणाच्या हाती १८९७ साली 'बालबोधमेवा' हे मुलांचे मासिक आले. त्यात बुद्धाविषयी एक लेख होता. तो वाचून त्यांनी ठरवले, बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा. लक्षात घ्या, त्यांनी पुस्तकांची संख्या ठरवली नाही, प्रश्न ठरवला. पुस्तके त्या प्रश्नाच्या मागून आली.

पण ती वाचायची कशी? पाली ग्रंथांचा पसारा केवढा! विनय, सुत्त आणि अभिधम्म अशी तीन पिटके. त्यातल्या एकट्या सुत्तपिटकात पाच निकाय. त्यापैकी दीघनिकायात ३४ सुत्ते, मज्झिमनिकायात १५२. शिवाय ५४७ जातके आहेतच. गोव्यात यातले काही शिकवणारे कोणी नव्हते. मराठी सोडून दुसरी भाषा धड येत नव्हती. आधी संस्कृत, मग बौद्ध ग्रंथ असा क्रम त्यांनी लावला आणि १८९९ च्या अखेरीस, तेविसाव्या वर्षी घर सोडले.

पुढची वाट पुणे, ग्वाल्हेर, काशी अशी गेली. काशीत अन्नछत्रात जेवायचे आणि शास्त्र्यांकडे व्याकरण घोकायचे. तिथून मोठ्या आशेने ते नेपाळला गेले, पण तिथली बौद्ध धर्माची अवस्था पाहून निराश झाले. मग बोधगया, कलकत्ता करीत १९०२ साली सिंहलद्वीपाला पोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी त्यांना अखेर पाली मिळाली. तिथेच त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली. नंतर ते ब्रह्मदेशातही जाऊन आले.

इथे एक अडचण सांगितली पाहिजे, कारण आज ती आपल्या ध्यानातही येत नाही. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. सिंहलात ती सिंहली लिपीत, ब्रह्मदेशात ब्रह्मी वळणाच्या गोल अक्षरांत आणि १८८१ साली स्थापन झालेल्या पाली टेक्स्ट सोसायटीच्या आवृत्त्यांत रोमन अक्षरांत. नागरीत वाचू पाहणाऱ्यापुढे जवळजवळ काहीच नव्हते. म्हणजे पुस्तक उघडण्याआधी अक्षरे गिरवायची! बाराखडीपासून पुन्हा सुरुवात करायला मोठ्या माणसाला लाज वाटते. धर्मानंदांना ती वाटली नाही.

आता या संकल्पाची दुसरी बाजू. ते निघाले तेव्हा मागे पत्नी बाळाबाई होत्या आणि थोरली मुलगी माणिक अगदी लहान होती. घरी परत भेट झाली ती १९०६ च्या सुमारास. ही सहा-सात वर्षे बाळाबाईंनी काढली. मोठ्या वाचकांच्या गोष्टी आपण रंगवून सांगतो, पण त्यांच्या वाचनाला लागणारा वेळ कुणीतरी दुसऱ्याने दिलेला असतो. काशीच्या अन्नछत्राने त्यांना जेवण दिले, सुमंगलाचार्यांनी विद्या दिली. बाळाबाईंनी दिले ते त्यांना विचारून घेतलेले नव्हते. हा हिशेब मांडल्याशिवाय धर्मानंदांची थोरवी गाणे बरे नव्हे.

परतल्यावर कलकत्त्याच्या विद्यापीठात पाली शिकवायची नोकरी मिळाली. ती त्यांनी सोडली. आपण वाचले ते आपल्या माणसांपर्यंत मराठीत पोचावे, ही ओढ होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी मार्ग काढला. महाराष्ट्रात कुठेही राहा, दरमहा ५० रुपये घ्या आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्या. संकल्प टिकवायला याहून चांगली अट सुचणे कठीण! वाचलेले दुसऱ्याला सांगायचे असले की वाचन आपोआप सावध होते. 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे १९१० चे पुस्तक बडोद्यातल्या व्याख्यानांतूनच आले. 'बुद्धलीलासारसंग्रह' आणि 'भगवान बुद्ध' पुढची.

त्याच १९१० साली ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. काम होते बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या पाचव्या शतकातल्या ग्रंथाच्या संपादनाचे. हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या विद्वानाने ते हाती घेतले होते. लहानपणी पाठीच्या कण्याला इजा होऊन कायमचा अधू झालेला हा माणूस पाली वाचीत राहिला आणि १८९९ च्या जानेवारीत वारला. त्याच वर्षाच्या अखेरीस धर्मानंदांनी सांखवाळ सोडले. एकमेकांना कधी न भेटलेल्या दोन वाचकांचे काम असे जोडले गेले. त्यासाठी धर्मानंद पुन्हा पुन्हा अमेरिकेला गेले.

मधल्या काळात, १९४० साली, त्यांनी हाच ग्रंथ मुंबईच्या भारतीय विद्या भवनातर्फे नागरी लिपीत छापून घेतला. जून १९४७ मध्ये सेवाग्रामला त्यांचे निधन झाले. हार्वर्डची प्रत बाहेर पडली १९५० साली, ती पाहायला ते नव्हते. संपूर्ण त्रिपिटक नागरीत आणणारी नालंदेची ४१ खंडांची आवृत्ती १९५६ ते १९६१ या काळात निघाली. आज सिंहली वा ब्रह्मी अक्षरे न गिरवताही ते वाचता येते.

मज्झिमनिकायातली १५२ सुत्ते आठवड्याला एक अशी घेतली तर तीन वर्षांत संपतात. त्यासाठी आज आपल्याला घर सोडावे लागत नाही. तेवढी तीन वर्षे काढायची, तर घरातल्या माणसांना आधी विचारून काढूया.