एक चिन्ह, दोन धनी : ‘हाग’ कॉफीचा वाद आणि युरोपातील व्यापारचिन्हांची नोंदणी

व्यापारचिन्हाचा हक्क मूलतः प्रादेशिक होय. ज्या राज्याच्या नोंदवहीत चिन्ह दाखल झाले, त्या राज्याच्या सीमेपलीकडे त्याची सत्ता चालत नाही. माल मात्र सीमा ओलांडू पाहतो. या विसंगतीचे बोधप्रद उदाहरण म्हणजे ब्रेमेन येथील ‘हाग’ या कॅफीनविरहित कॉफीचे होय.

१८९१ च्या माद्रिद कराराने एकाच अर्जाद्वारे अनेक देशांत संरक्षण मागण्याची सोय केली. तथापि नकाराचा अधिकार प्रत्येक देशाकडे राहिला आणि मिळणारा हक्कही त्या त्या देशापुरताच राहिला. तात्पर्य, ही राष्ट्रीय हक्कांची एक मोळी होती. आणि मोळी सुटू शकते.

हाग कंपनीची बेल्जियम व लक्झेंबर्ग येथील चिन्हे तिच्या बेल्जियन उपकंपनीकडे होती. १९४४ मध्ये ही उपकंपनी शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त झाली व पुढे विकली गेली. एकाच चिन्हाला असे दोन धनी झाले. १९७१ मध्ये बेल्जियन चिन्हे व्हान झुइलेन या पेढीकडे आली. जर्मन कंपनीने लक्झेंबर्गमध्ये आपला माल पाठविताच तिने हरकत घेतली. १९७४ मध्ये युरोपीय न्यायालयाने ती फेटाळली : चिन्हांचे मूळ एक असल्याने त्यांच्या आधारे सामायिक बाजारपेठेची फाळणी करता येणार नाही.

पुढे बेल्जियन माल जर्मनीत येऊ लागला, तेव्हा जर्मन कंपनीने दाद मागितली. १९९० मध्ये न्यायालयाने आपला पूर्वीचा निर्णय उघडपणे बदलला. मालाच्या उगमाची ग्राहकाला हमी देणे हे चिन्हाचे मुख्य कार्य. मूळ धन्याच्या संमतीवाचून हक्क विभागला गेला असता दोन्ही माल एकत्र आल्यास ती हमीच नष्ट होते, अशी त्याची भूमिका होती. हा युक्तिवाद सयुक्तिक खरा. परंतु त्याची किंमत म्हणून बाजारपेठ पुन्हा विभागली गेली.

निवाड्यांनी न सुटणारा हा पेच कायद्याने सोडविण्याचा यत्न पुढे झाला. १ एप्रिल १९९६ पासून आलिकांते येथील कार्यालय सर्व सदस्यराष्ट्रांत एकसंध लागू होणाऱ्या चिन्हासाठी अर्ज स्वीकारू लागले. तथापि एखाद्याच राष्ट्रातील पूर्वीचा हक्क सिद्ध झाला तरी त्या मालापुरता संपूर्ण अर्ज अडतो. मग अर्जदाराला, जेथे अडथळा नाही तेथे, राष्ट्रीय अर्जांचा मार्ग धरावा लागतो. म्हणजे राष्ट्रीय नोंदवह्या नाहीशा झाल्या नाहीत.

भारत ८ जुलै २०१३ पासून माद्रिद प्रोटोकॉलचा सदस्य आहे. येथील उत्पादकालाही एकाच अर्जाने लाभते ती मोळीच. अर्ज एक म्हणून हक्क एक, असे समजणे इतिहासाला धरून नाही.