कराची ते जुहू

मुंबईहून कराची किती लांब? नकाशावर सरळ रेष मोजली तर सुमारे पावणेनऊशे किलोमीटर. म्हणजे दिल्लीपेक्षाही जवळ. आजच्या जेट विमानाला एवढे अंतर कापायला दीड-पावणेदोन तास पुरतात. पण अंतर आणि वेळ यांचे गणित शाळेत शिकवतात तितके सोपे नसते. या एका मार्गाचा इतिहास पाहिला की ते ध्यानात येते.

१५ ऑक्टोबर १९३२. लंडनहून इंपीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीला आलेले टपाल घेऊन अठ्ठावीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा सकाळी कराचीहून निघाले. विमान होते ‘पस मॉथ’. एकच इंजिन, वेग ताशी दीडशे-एकशे साठ किलोमीटर, आणि रेडिओसुद्धा नाही. अहमदाबादला उतरून त्यांनी इंधन घेतले. ते इंधन बैलगाडीतून आले होते! दुपारी दोनच्या आत ते जुहूच्या मैदानावर उतरले. एकूण सव्वासात तास लागले. पुढे नेव्हिल विन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. पावसाळ्यात जुहूला पाणी भरे, तेव्हा विमाने पुण्याला उतरत. पुढे ज्या सेवेची एअर इंडिया झाली, तिचा हा पहिला दिवस.

त्या दिवशी कराची, अहमदाबाद आणि मुंबई ही तिन्ही शहरे एकाच मुंबई इलाख्यात होती. सिंध वेगळा प्रांत झाला तो १ एप्रिल १९३६ रोजी. कराचीतली एक जुनी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षणाधिकाऱ्यांचे नाव सांगते. तिची स्थापना १८५५ची.

फाळणीनंतर हाच प्रवास परदेशचा झाला. १९६५च्या युद्धात विमाने थांबली. १९७१मध्ये पुन्हा थांबली, ती १९७६मध्ये सुरू झाली. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पन्नास वर्षांनी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. जुन्या ‘लेपर्ड मॉथ’मधून पुन्हा कराचीहून मुंबईला आले. मधे युद्धे होऊन गेली होती, तरी वाट खुली होती.

जानेवारी २००२ ते जानेवारी २००४ ही दोन वर्षे ती पुन्हा बंद राहिली. त्याच काळात माझी फुफी कराचीत वारली. फोनवर बातमी क्षणात आली. पण माझ्या वडिलांना सख्ख्या बहिणीच्या मातीला जाता आले नाही. ते कुणालाच काही बोलले नाहीत. आमच्यासारखी घरे कोकणात आहेत, तशी मुंबईतल्या सिंधी वस्त्यांतही आहेत. कुणाची बहीण तिकडे, कुणाचा जन्मगाव तिकडे.

एप्रिल २०२५मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. थेट विमान नसले की कराचीच्या प्रवाशाला दुबईमार्गे मुंबई गाठावी लागते. पावणेनऊशेचे एकतीसशे किलोमीटर होतात. पाच तास हवेत जातात. दुबईचा थांबा अडीच तासांहून लांबला, तर १९३२चे ते चिमुकले विमान आधी पोहोचेल.

मधल्या नव्वद वर्षांत विमानाचा वेग पाचपट वाढला. कराची आणि मुंबई आपापल्या जागी आहेत, मधला समुद्रही तोच आहे. यंत्राने आपले काम चोख केले. वाट खुली ठेवण्याचे काम मात्र यंत्राचे नव्हते. ते माणसांचे होते, आणि अजूनही आहे.