विश्वशांती स्तूप, वर्धा

वर्धा शहरालगत गोपुरी येथे असलेला बौद्ध स्तूप. बागेत उभा पांढराशुभ्र घुमट, त्यावर चार दिशांना बुद्धाच्या चार मूर्ती, बाजूला छोटेखानी जपानी मंदिर. शेजारीच गीताई मंदिर आहे. त्याला ना छत ना मूर्ती, विनोबांची ‘गीताई’ तिथे शिळांवर कोरलेली आहे. सहलीला आलेली मंडळी स्तूपासमोर फोटो काढतात आणि सेवाग्रामकडे वळतात. या घुमटाचा धागा थेट हिरोशिमाशी पोहोचतो, हे त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असते.

स्तूपाची कल्पना निचिदात्सू फुजी (1885–1985) यांची. ‘निप्पोनझान म्योहोजी’ या पंथाचे हे संस्थापक 1931 मध्ये भारतात आले आणि 1933 मध्ये वर्ध्यात गांधीजींना भेटले. गांधीजी त्यांना ‘गुरुजी’ म्हणत. पुढे तेच नाव रूढ झाले. केशव नावाने ओळखला जाणारा एक जपानी भिक्षू सेवाग्राम आश्रमातच राहत असे. हातातला चपटा ढोल वाजवत तो ‘नम् म्योहो रेंगे क्यो’ हा मंत्र म्हणे. डिसेंबर 1941 मध्ये जपान युद्धात उतरला आणि पोलीस त्याला न्यायला आले. निघताना त्याने आपला ढोल गांधीजींपुढे ठेवला. सरकारलेखी तो शत्रुराष्ट्राचा माणूस. आश्रमाने मात्र प्रार्थनेची सुरुवात त्याच्याच मंत्राने करणे चालू ठेवले. म्हणजे वर्ध्याचे जपानशी नाते अणुबॉम्बच्या आधीचे आहे.

6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमावर आणि 9 ऑगस्टला नागासाकीवर अणुबॉम्ब पडला. वर्षअखेरपर्यंत दोन्ही शहरांत मिळून सुमारे दोन लाख माणसे दगावली. बॉम्बच्या धाकाने जग अहिंसेकडे वळेल, असे म्हणणारेही तेव्हा होते. 7 जुलै 1946 च्या ‘हरिजन’मध्ये गांधीजींनी हा युक्तिवाद खोडून काढला.

या संहाराला उत्तर म्हणून फुजी गुरुजींनी युद्धानंतर शांतिस्तूप बांधायला घेतले. पहिला 1954 मध्ये जपानातल्या कुमामोतोला झाला, राजगीरचा 1969 मध्ये. वर्ध्याचा स्तूप त्यांच्या निधनानंतर, 1993 मध्ये उभा राहिला.

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा, मालेगाव भागातून स्तूप पाहायला येणाऱ्यांना समृद्धी महामार्ग सोयीचा. तो वाशीम आणि वर्धा या दोन्ही जिल्ह्यांतून जातो. रेल्वेने येणाऱ्यांसाठी वर्धा आणि सेवाग्राम (पूर्वीचे वर्धा पूर्व) ही दोन्ही स्थानके जवळ आहेत.