हलक्या धान्याचा सातबारा

भात भारी, नाचणी हलकी. हे वजन तराजूतलं नाही दोस्तहो, जातीतलं आहे.

वसईच्या सखल, पाणी साठणाऱ्या शेतात भात. पूर्वेला तुंगारेश्वरच्या अंगाला, मुरमाड उतारावर नाचणी आणि वरी. त्या जमिनीला सरकारी दप्तरात नाव 'वरकस'. इतक्या पावसाच्या मुलखात पाण्याचा ताण कसला, असं शहरी माणूस विचारतो. उतारावर पाणी थांबतच नाही, बाबा. पावसानं दडी मारली की भात पिवळा पडतो, नाचणी तग धरते. कणगीत वर्षानुवर्षं टिकते, कीड सहसा लागत नाही. शंभर ग्रॅममध्ये कॅल्शियम साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम. तांदळात त्याचा दहावा हिस्सासुद्धा नाही. मग हलकं कोण?

1878 साली इंग्रजांनी जंगल कायदा केला. रोपासाठी फांद्या-पाचोळा जाळून राब करायचा, तर त्यावर बंधनं आली. ठाणे जिल्ह्यात ओरड इतकी झाली की 1885 मध्ये कमिशन नेमावं लागलं. उतारावर पोट भरणारा वारली, कातकरी जंगलाचा शत्रू ठरला. जंगलाचे ठेके घेणारा ठरला नाही.

आपल्या लोकांना तर उतारही नव्हता. माझी आजी सांगायची, येसकराच्या टोपल्यात पडेल ती भाकर, तिचं धान्य विचारायचं नसतं. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात वतनाचं बिल मांडलं, त्यात बलुत्याच्या धान्याऐवजी रोख पैसा द्या ही मागणी होती. दाण्यातली गुलामी त्यांनी बरोबर ओळखली होती. बिल पास झालं नाही. वतन गेलं ते 1958 च्या कायद्यानं.

आता उलटंच. 2018 मध्ये सरकारनं भरड धान्याला 'पौष्टिक' केलं, 2023 हे जगभर भरडधान्य वर्ष झालं. अमेरिकेत तर 2003 साली जांभळ्या पानांच्या बाजरीला बागेतल्या शोभेच्या झाडांचं सुवर्णपदक मिळालं! आमची बाजरी, आणि ती फुलझाडांच्या वाफ्यात. विरारच्या मॉलमध्ये नाचणीची बिस्किटं आहेत. उतार मात्र कुणाच्या नावावर आहे ते विचारा.

वरकस दोन-तीन वर्षं कसायची, मग पडीक सोडायची, ही रीतच आहे. साहेब येतो, गवत बघतो, लिहितो 'कसत नाही'. 2006 च्या वनहक्क कायद्याला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा लागतो. आदिवासी नसेल तर 75 वर्षांचा वास दाखवावा लागतो. आपली माणसं तिथंच अडतात. पण त्याच कायद्याच्या नियमात वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. दावा लिहायला बसाल तेव्हा पडीक वर्षंही मांडा, कुठल्या साली कुठल्या तुकड्यात नाचणी होती ते म्हातारीकडून विचारून घ्या, आणि जबाबावर अंगठा घ्या.